झाशीचा खडक आणि किल्लारीचा धडा

साठ वर्षांत शाळेच्या इमारतीत भर पडली, पटांगणातली झाडे वाढली, मुलांच्या दोन-तीन पिढ्या येऊन गेल्या. पण शाळेची जागा मात्र हललेली नाही, असेच कोणीही म्हणेल. भूशास्त्राचे उत्तर वेगळे आहे. भारतीय उपखंड ज्या भूपट्टावर वसले आहे, तो भूपट्ट दरवर्षी सुमारे पाच सेंटीमीटर, म्हणजे माणसाची नखे वाढतात जवळजवळ त्याच गतीने, ईशान्येच्या बाजूस सरकत आहे. शाळेची पहिली घंटा वाजली त्या दिवसापासून आजपर्यंत शाळा, किल्ला, लक्ष्मीताल आणि सारे झाशी शहर सुमारे तीन मीटर पुढे आले आहे. सर्व काही एकाच वेळी सरकल्यामुळे कोणाला काही जाणवले नाही, इतकेच.

परंतु हा प्रवास सर्वत्र असा निमूटपणे होत नाही. उत्तरेस हिमालयाशी या भूपट्टाची वाट अडते आणि त्या अडण्याचा ताण दूरवरच्या जुन्या खडकांपर्यंत पोहोचतो. तो ताण कुठे, कधी आणि कसा मोकळा होतो, याचा इतिहास मराठी माणसाने गेल्या साठ वर्षांत फार जवळून पाहिला आहे. झाशीतील मराठी कुटुंबांना तर त्याचा दुहेरी संबंध आहे. कारण त्यांचे मूळ एका प्रकारच्या खडकावर आहे आणि घर दुसऱ्या.

ओरछाचे राजे वीरसिंह देव यांनी १६१३ मध्ये बंगरा टेकडीवर झाशीचा किल्ला उभारला. ही टेकडी ग्रॅनाइटची आहे. पुढे १७४२ मध्ये मराठ्यांचे सुभेदार म्हणून नारो शंकर येथे आले. त्यांनी किल्ल्याचा विस्तार केला आणि त्यांच्या काळात दक्षिणेतील अनेक कुटुंबे येथे स्थिरावली. याच नारो शंकरांनी १७४७ मध्ये नाशिकच्या पंचवटीत गोदेकाठी काळ्या पाषाणाचे देऊळ बांधले. तेथील घंटेमुळे ‘नारोशंकराची घंटा’ हे नाव घरोघरी माहीत आहे. एकाच पुरुषाच्या हातून झाशीस ग्रॅनाइटवर तटबंदी वाढली आणि नाशिकास काळ्या पाषाणात मंदिर उभे राहिले. हे दोन्ही दगड अग्नीतून जन्मलेले आहेत. मात्र त्यांच्या जन्माची रीत निराळी आहे आणि ती समजली की ज्वालामुखीचे अर्धे रहस्य उलगडते.

पृथ्वीच्या कवचाखालील प्रावरणाचा भाग अतिशय तप्त असला, तरी तो बहुतांशी घनरूपच असतो. वरच्या दाबामुळे त्याला वितळता येत नाही. जेथे हा दाब कमी होतो, किंवा पाण्याच्या अंशामुळे खडकाचा वितळणबिंदू खाली येतो, तेथे खडक वितळून शिलारस तयार होतो. भोवतीच्या खडकापेक्षा हलका असल्यामुळे तो वर चढू लागतो. वाटेतच, काही किलोमीटर खोलीवर, तो अडकला तर हजारो-लाखो वर्षे सावकाश निवतो. सावकाश निवताना स्फटिकांना वाढायला सवड मिळते. झाशीच्या ग्रॅनाइटमध्ये नुसत्या डोळ्यांना दिसणारे गुलाबी, पांढरे आणि काळे कण हेच सांगतात. बुंदेलखंडाचा हा खडक सुमारे २५० कोटी वर्षांचा आहे, त्यातील काही भाग तर ३३० कोटी वर्षांहूनही जुना आहे. त्याच्यावरचे थर ऊनपावसाने झिजून गेले, तेव्हा तो उघडा पडला. ओरछाला बेतवा ज्या खडकांवरून उड्या घेत जाते, ते एके काळी भूपृष्ठाखाली खोलवर दडलेले होते.

शिलारसाला पृष्ठापर्यंत वाट मिळाली, तर तो लाव्हा म्हणून वाहतो, लवकर निवतो आणि बारीक कणांचा काळा बेसाल्ट होतो. महाराष्ट्राची भूमी अशी घडली. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी भारतीय भूपट्ट आजच्या जागेच्या बराच दक्षिणेस असताना जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हाचे पूर आले. चित्रात दाखवतात तसा शंकूसारखा एखादा धगधगता डोंगर तेथे नव्हता. भेगांतून उसळलेला रस थरावर थर चढवीत गेला. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश या थरांनी व्यापला आहे आणि सह्याद्रीत त्यांची जाडी दोन किलोमीटरपर्यंत जाते. कळसूबाईच्या १,६४६ मीटर उंचीवर उभे राहून पाहिले, की समोरच्या डोंगरांच्या पायऱ्या म्हणजे लाव्हाचे एकेक थर दिसतात. वेरूळचे कैलास लेणे, अजिंठ्याची विहारे, रायगडाचे कडे हे सारे त्या थंड झालेल्या पुरातच कोरलेले किंवा त्यावरच उभारलेले आहे. माळव्यातून येताना सागर, गुणा या भागांत या काळ्या खडकाची उत्तरेकडील कड लागते आणि तेथून पुढे बुंदेलखंडाचे ग्रॅनाइट सुरू होते.

भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत राहिला आणि त्या लाव्ह्याचा उगम मागे राहिला. हिंदी महासागरातील रियुनियन बेटावरचा जागता ज्वालामुखी त्याच उगमावर असल्याचे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. आज भारतात जागता म्हणावा असा ज्वालामुखी अंदमान समुद्रातील बॅरन बेटावर आहे. दीर्घ विश्रांतीनंतर १९९१ मध्ये त्याचा उद्रेक झाला आणि पुढेही तो अधूनमधून धुमसत राहिला. तेथे एक भूपट्ट दुसऱ्याखाली शिरत असल्याने शिलारस तयार होतो. महाराष्ट्रात आणि बुंदेलखंडात तसे काही घडत नाही, म्हणून येथील अग्नी केवळ दगडाच्या रूपाने उरला आहे.

या दगडांनी अभ्यासकांनाही चकवले आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे सरोवर दीर्घकाळ ज्वालामुखीचे मुख समजले जाई. भोवताली बेसाल्टच असल्यामुळे तसे वाटणे स्वाभाविक होते. १९७० च्या दशकात तेथील खडकांत प्रचंड आघातानेच निर्माण होणारी काच सापडली आणि ते विवर उल्कापाताने झाल्याचे सिद्ध झाले. झाशीच्या पश्चिमेस, शिवपुरी जिल्ह्यातील ढाला येथील सुमारे अकरा किलोमीटर व्यासाच्या प्राचीन रचनेची कथाही अशीच आहे. तिलाही ज्वालामुखीच मानले जात होते. या शतकाच्या पहिल्या दशकात आघाताच्या खुणा सापडल्या आणि ती उल्काविवर म्हणून ओळखली जाऊ लागली. दोन्ही ठिकाणी खडक तोच राहिला आणि त्याविषयीचे मानवी मत बदलले. भूकंपाच्या बाबतीतही मते अशीच बदलत गेली, पण तेथे प्रत्येक बदलाची किंमत माणसांनी मोजली.

पृथ्वी शेषाच्या मस्तकावर असून त्याने फणा हलवला की भूकंप होतो, ही कल्पना आजीच्या गोष्टींतून सर्वांनी ऐकलेली आहे. अवंतीच्या वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहत्संहिते’त भूकंपावर एक स्वतंत्र अध्यायच लिहिला आणि आपल्या काळची निरनिराळी मते नोंदवली. कोणी समुद्रातील महाकाय प्राण्यांची हालचाल हे कारण सांगत, कोणी दिग्गजांचा निःश्वास, तर कोणी वाऱ्यांची टक्कर. उत्तर सापडले नसले, तरी कारण शोधण्याची वृत्ती त्यात आहे.

आधुनिक काळात हा शोध भारतीय भूमीवरच मोठे पाऊल पुढे गेला. १२ जून १८९७ रोजी आसाम-शिलाँग परिसरात महाभयंकर भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील आर. डी. ओल्डहॅम यांनी त्याचा सविस्तर अभ्यास केला. भूकंपाच्या लहरी एकाच प्रकारच्या नसतात, काही आधी पोहोचतात, काही नंतर, हे त्यांनी नोंदींवरून दाखवले. आणि याच लहरींच्या आधारे १९०६ मध्ये पृथ्वीला वेगळा गाभा असल्याचा निष्कर्ष काढला. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोला भूकंप झाला. त्याच्या अभ्यासातून हॅरी रीड यांनी भूकंपाची क्रिया उलगडून दाखवली. खडक काही प्रमाणात लवचिक असतो. भ्रंशाच्या दोन्ही बाजूंचे खडक सरकू पाहतात, पण घर्षणाने एकमेकांत अडकलेले असतात. वाकवलेल्या वेताच्या छडीप्रमाणे त्यांच्यात वर्षानुवर्षे ताण साठतो. अडकण सुटली, की खडक क्षणार्धात झटका देऊन सरकतात आणि साठलेली शक्ती लहरींच्या रूपाने बाहेर पडते. १९६० च्या दशकात भूपट्टांचा सिद्धान्त मान्य झाला, तेव्हा हा ताण कोठून येतो याचेही उत्तर मिळाले.

तरीही जुने प्रश्न संपत नाहीत. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहार-नेपाळचा प्रलयंकारी भूकंप झाला. अस्पृश्यतेच्या पापाची ही ईश्वरी शिक्षा आहे, असे महात्मा गांधी म्हणाले. अस्पृश्यतानिवारणाबाबत त्यांच्याशी पूर्ण सहमत असलेल्या रवींद्रनाथ टागोरांनी या विधानाला जाहीर हरकत घेतली आणि भौतिक घटनेचे कारण भौतिक घटनांतच शोधावे, असा आग्रह धरला. गांधीजींनी ती हरकत आपल्या ‘हरिजन’ पत्रात उत्तरासह छापली. दोन थोर पुरुषांतील हा मतभेद आजही विद्यार्थ्यांना सांगण्यासारखा आहे. कारण भूकंपाला शिक्षा मानले, तर पडलेल्या भिंतीची तपासणी करण्याचे कोणाला सुचत नाही.

हिमालय आणि त्याच्या पायथ्याचा प्रदेश धोक्याचा, तर दख्खनचे प्राचीन पठार अचल, अशी त्या काळी शास्त्रज्ञांचीही समजूत होती. या समजुतीला पहिला तडा ११ डिसेंबर १९६७ रोजी गेला. पहाटे चारच्या सुमारास सातारा जिल्ह्यातील कोयनानगर ६.३ परिमाणाच्या भूकंपाने हादरले. सुमारे एकशे ऐंशी माणसे मृत्युमुखी पडली, दोन हजारांहून अधिक जखमी झाली. १०३ मीटर उंचीचे कोयना धरण टिकले, पण त्याला भेगा पडल्या आणि पुढे त्याला बळकटी द्यावी लागली. शिवाजीसागर जलाशयात पाणी साठू लागल्यापासूनच या भागात लहान धक्के जाणवू लागले होते. पाण्याचा भार आणि त्याहूनही भेगांत झिरपलेल्या पाण्याचा दाब, यांमुळे आधीच ताणलेल्या भ्रंशाची पकड सैल होते, असे अभ्यासकांनी दाखवून दिले. धरण ताण निर्माण करीत नाही, ताण पृथ्वीचाच असतो. पाणी त्याला निमित्त पुरवते. जलाशयाशी निगडित भूकंपांच्या जगभरच्या अभ्यासात कोयनेचे नाव आजही अग्रभागी घेतले जाते आणि त्या परिसरात खडकात तीन किलोमीटर खोल विवर घेऊन तेथे निरीक्षण चालते. भूकंपानंतर १९७० मध्ये देशाचा भूकंपप्रवणतेचा नकाशा सुधारण्यात आला आणि कोयना परिसराला वरच्या धोक्याच्या विभागात स्थान मिळाले.

मराठवाड्याचा दक्षिण भाग मात्र त्या सुधारित नकाशातही विभाग एकमध्ये, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात राहिला. १९९२ च्या उत्तरार्धात किल्लारी परिसराला लहान-लहान धक्के बसले. लोक धास्तावले. पुढे ते धक्के थांबले आणि लोकही विसावले. २९ सप्टेंबर १९९३ ही अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जनाच्या मिरवणुका आटोपून माणसे उशिरा झोपली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ परिमाणाचा भूकंप झाला. काही क्षणांतच लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, होळी ही नांदती गावे दगडमातीचे ढीग झाली. सुमारे आठ हजार माणसे गेली.

हा भूकंप जगातील मोठ्या भूकंपांत गणला जाणारा नव्हता. परिमाण एक अंकाने वाढले, की बाहेर पडणारी शक्ती सुमारे बत्तीस पट होते. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छला झालेला भूकंप ७.७ परिमाणाचा होता, म्हणजे त्याची शक्ती किल्लारीच्या सुमारे पावणेदोनशे पट होती. तेथील मृतांची संख्या मात्र किल्लारीच्या दुपटीच्या आसपास राहिली. किल्लारीचा भूकंप उथळ होता आणि गावांच्या अगदी खाली झाला, हे या तफावतीचे एक कारण. दुसरे कारण घरांत होते. त्या भागातील वाडे आणि घरे दोन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंतींची होती. भिंतीला बाहेरून एक पदर, आतून एक पदर, मध्ये दगडगोट्यांची भर, आणि सांधायला चिखल. वर लाकडी सरांवर फूट-दीड फूट मातीचे माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारी हीच रचना त्या पहाटे घातक ठरली. धक्का बसताच भिंतीचे दोन पदर एकमेकांपासून सुटले आणि मातीचे सारे ओझे झोपलेल्या माणसांवर आले. त्याच गावांत कुडाच्या, हलक्या छपराच्या झोपड्यांतली माणसे मोठ्या प्रमाणात वाचली. पिढ्यान्‌पिढ्या भक्कमपणाची खूण मानलेली जाड भिंतच अखेर वैरीण ठरली.

त्या आपत्तीत मदतीला सारा महाराष्ट्र धावला. आईवडील किंवा घरदार गमावलेल्या सुमारे बाराशे मुलांना भारतीय जैन संघटनेने पुण्यात नेऊन त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था केली. पुढे वाघोलीस त्यांच्यासाठी शैक्षणिक संकुल उभे राहिले. बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली आणि इतर हजारो घरांची दुरुस्ती झाली. २००२ मध्ये भूकंपप्रवणतेचा नकाशा पुन्हा बदलला. विभाग एक रद्द झाला आणि किल्लारी विभाग तीनमध्ये आली. ज्या देशात ‘धोका जवळजवळ नाही’ असे सांगणारा विभाग होता, तेथे आता असा कोणताही विभाग उरलेला नाही. मात्र दोन्ही वेळा नकाशाने माणसे गेल्यानंतर दुरुस्ती केली, हेही विसरता येत नाही.

झाशीपासून ही स्थळे दूर आहेत. परंतु २२ मे १९९७ च्या पहाटे मध्य प्रदेशातच जबलपूरला ५.८ परिमाणाचा भूकंप झाला. नर्मदा-सोन खोऱ्याच्या प्राचीन भ्रंशपट्ट्यात, सुमारे पस्तीस किलोमीटर खोलवर, त्याचा उगम होता. सुमारे चाळीस माणसे दगावली आणि हजारो घरे मोडली. बुंदेलखंडाच्या खडकातही जुन्या तुटीच्या खुणा आहेत. झाशीभोवती नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे गेलेल्या गारगोटीच्या लांबच लांब पांढऱ्या डोंगररांगा म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी तुटलेल्या खडकाच्या भरून आलेल्या जखमाच आहेत. २००२ च्या नकाशात झाशी विभाग दोनमध्ये, म्हणजे त्या नकाशातील सर्वांत खालच्या धोक्याच्या विभागात आहे. मोठ्या भूकंपाची शक्यता येथे हिमालयाच्या मानाने पुष्कळ कमी आहे, हे खरे आणि दिलासा देणारे आहे. कठीण खडकावर थेट उभ्या असलेल्या इमारतीला गाळाच्या जमिनीवरील इमारतीपेक्षा सामान्यतः कमी हादरे बसतात, हेही खरे. तथापि किल्लारीलाही असाच दिलासा होता.

म्हणून प्रश्न खडकाचा उरत नाही, घराचा उरतो. जुन्या वस्तीतील दगड-चुन्याची घरे, त्यांवर पुढे चढवलेले विटांचे मजले, दगडी पट्ट्यांची छते, अरुंद गल्ल्या यांचा विचार झाशीकरांनी करायलाच हवा. उपाय अवघड नाहीत. दगडी भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार जाणारा लांब दगड असावा, म्हणजे भिंतीचे दोन पदर सुटत नाहीत. दरवाजे-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना एकत्र बांधणारा काँक्रीटचा सलग पट्टा असावा. छत हलके असावे. कोपरे नीट सांधलेले असावेत. किल्लारीच्या पुनर्वसनात गावोगावच्या गवंड्यांना याच गोष्टी शिकवाव्या लागल्या. घर बांधतानाच त्या केल्या, तर त्यांचा खर्च एकूण खर्चाच्या मानाने थोडाच असतो.

शाळांपुरती एक आठवण अधिक तीव्र आहे. २००१ च्या प्रजासत्ताक दिनी सकाळी पावणेनऊच्या सुमारास कच्छमधील अंजार गावात शाळेची मुले हातात तिरंगा घेऊन प्रभातफेरीला निघाली होती. फेरी अरुंद गल्लीत असताना दोन्ही बाजूंची घरे कोसळली. दीडशेहून अधिक मुले आणि त्यांच्यासोबतचे शिक्षक तेथेच गेले. आज त्या गावात त्यांचे स्मारक आहे. ज्या दिवशी देशभरातील प्रत्येक शाळेत मुले झेंड्याला वंदन करीत होती, त्याच तासाची ही गोष्ट आहे. त्यामुळे मुलांना कोणत्या वाटेने न्यायचे, जिन्याचे दार कुलूपबंद ठेवायचे की नाही, वर्गातली जड कपाटे भिंतीला पक्की बांधली आहेत का, हादरा बसताच बाकाखाली कसे जायचे आणि नंतर रांगेने मैदानात कसे यायचे, हे प्रश्न शाळेच्या दैनंदिन कामकाजाचे आहेत. वर्षातून दोनदा अर्ध्या तासाचा सराव एवढीच त्यांची मागणी आहे.

भूकंप कोणत्या दिवशी आणि किती वाजता होईल, हे आजही कोणत्याही शास्त्राला सांगता येत नाही. तो आल्यावर कोणती भिंत पडेल, हे मात्र बऱ्याच अंशी आधी सांगता येते. या शाळेतून शिकून गेलेल्यांत अभियंते आहेत, ठेकेदार आहेत, नगरपालिकेत काम करणारे आहेत, आणि स्वतःचे घर बांधणारा गृहस्थ तर प्रत्येक जण केव्हा ना केव्हा होतोच. आणखी साठ वर्षांनी, शाळेचा शतकोत्तर वीसावा वाढदिवस येईल तेव्हा, झाशी आणखी तीन मीटर पुढे सरकलेली असेल. तोपर्यंतच्या मुलांना त्या प्रवासाची चाहूलही लागू नये, अशी इच्छा करावी. आणि लागलीच, तर त्यांच्या डोक्यावरचे छत टिकावे, याची तजवीज आजच्या माणसांनी करून ठेवावी.